घडीचे चाकू: संग्रह, निगा आणि मुठीवरचं काम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी ऐरोलीत राहते, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. वडील वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी दोन पात्यांचा एक पितळी चाकू कायम असायचा. आंबा सोलायला, सुतळी कापायला, पेन्सिलीला टोक करायला तोच. ते गेल्यावर तो माझ्याकडे आला आणि तिथून हा नाद लागला. ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ इथून नव्याने सुरुवात करणारी मंडळी मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत.

घडीचा पारंपरिक चाकू कशाला म्हणायचं?

पातं मुठीत मिटतं, नखाने किंवा बोटाने उघडतं, आणि रचना किमान दोन-तीन पिढ्यांपासून चालत आलेली आहे, असा चाकू. यात ढोबळ दोन घराणी आहेत. पहिल्यात मुठीच्या पाठीला पोलादी पट्टीची स्प्रिंग असते. ती पात्याच्या मुळावर दाबून बसते, म्हणून पातं उघडं किंवा मिटलेलं जागच्या जागी राहतं. चांगल्या चाकूची स्प्रिंग उघडताना स्वच्छ ‘टक्’ वाजते आणि मिटताना पातं शेवटच्या टप्प्यात आपणहून ओढलं जातं. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातले जुने पेनचाकू, अमेरिकेतल्या ‘केस’ कंपनीचे चाकू, स्विस व्हिक्टोरिनॉक्स हे सगळे या घराण्यातले.

दुसऱ्या घराण्यात स्प्रिंगच नसते, पातं घर्षणावर थांबतं. जपानचा हिगोनोकामी तसा. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडू लागला. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक रिबिट आणि पात्याच्या मुळाशी बाहेर आलेली छोटी दांडी. ती दांडी अंगठ्याने दाबून धरायची, म्हणजे कापताना पातं मिटत नाही. चार-पाच भागांत अख्खा चाकू. मला ही रचना फार आवडते, कारण तिच्यात लपवलेलं काहीच नाही.

पहिला चाकू कोणता घ्यावा?

फ्रेंच ओपिनेल, आठ नंबरचा. पातं साडेआठ सेंटिमीटर, मूठ बीच लाकडाची. लोहाराचा मुलगा असलेल्या जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये साव्हुआ भागात, आल्प्सच्या कुशीत, तो शेतकऱ्यांसाठी बनवला. १९५५ मध्ये त्याच्या गळ्याशी फिरणारी कडी आली. ती फिरवली की उघडं पातं अडकून राहतं आणि बोटांवर मिटत नाही. पात्यावर मुकुटधारी हाताचं चिन्ह असतं, ते १९०९ पासूनचं.

हाच का, तर मूठ लाकडाच्या एकाच तुकड्याची असते आणि तिच्यावर काम करायला शिकता येतं. बिघडली तरी फार मोठं नुकसान नाही. कार्बन पोलादाचा की स्टेनलेसचा, हा पुढचा प्रश्न. रोज पुसायची शिस्त असेल तर कार्बन घ्या, धार लावायला सोपा जातो आणि रंग धरतो. ट्रेकच्या पिशवीत महिनाभर पडून राहणार असेल तर स्टेनलेस.

एकदम पाच-सहा चाकू घेऊ नका. एक घ्या, वर्षभर वापरा, एक पावसाळा त्याच्यासोबत काढा. आपल्या हाताला काय हवं ते तेवढ्या काळात कळतं, आणि मूठ बदलायची असेल तर कुठे बदलायची तेही.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत असा चाकू खिशात ठेवला तर चालतो का?

घरी संग्रह ठेवणं आणि रस्त्यावर बाळगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शस्त्र नियम २०१६ मधल्या धारदार शस्त्रांच्या वर्गात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. आपले बहुतेक घडीचे चाकू या मापांच्या खूप आत बसतात.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली ठाणे आणि नवी मुंबई पोलीस आयुक्तालयं सणासुदीला, निवडणुकीत, मोर्चांच्या काळात मनाई आदेश काढतात. अनेकदा ते पंधरा-पंधरा दिवसांचे असतात आणि त्यात चाकू-सुऱ्या बाळगण्यावर बंदी असते. इंचांचा हिशेब तिथे उपयोगी पडत नाही. मी चाकू खिशात घेऊन फिरतच नाही. ट्रेकला नेला तर पिशवीच्या तळाशी, डब्यात, फळांसोबत. मेट्रोत आणि विमानाच्या हातातल्या सामानात नेऊ नये, विमानप्रवासात तो चेक-इन बॅगेत टाकावा. दुसऱ्या राज्यात जाताना तिथले नियम वेगळे पाहावेत. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेमुळे खटक्याच्या, म्हणजे बटण दाबताच उघडणाऱ्या, चाकूंवर कडक निर्बंध आहेत.

रामपुरी संग्रहात ठेवावा का?

हा प्रश्न हमखास येतो आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सिनेमातला गुंड असतो. रामपुरी हे उत्तर प्रदेशातल्या रामपूर शहरातल्या कारागिरांचं काम आहे. पितळेची नक्षीदार मूठ, लांब निमुळतं पातं आणि उघडताना वाजणारे दात. सिनेमाने त्याची बदनामी केली आणि १९९० च्या दशकात तिथल्या सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आणल्यावर धंदा बसत गेला. २०२३ मध्ये रामपूरमध्ये चौकात सुमारे २० फुटी चाकू उभारला गेला, पण उभारलेल्या चाकूने कारागिराची चूल पेटत नाही याचं मला वाईट वाटतं.

ठेवायचा असेल तर छोट्या पात्याचा, बिलासकट घ्या आणि घरीच ठेवा. खटक्याच्या नादी लागू नका. ‘अस्सल रामपुरी’ म्हणून रस्त्यावर जे मिळतं त्यातलं बरंचसं पातळ पत्र्याचं असतं. मूठ दाबून पाहा, पत्रा दबला तर ठेवून द्या.

पावसाळ्यात चाकू गंजतात. काय करायचं?

जून ते सप्टेंबर हे आपल्या नादाचे कसोटीचे महिने. खाडीकाठी हवेत मीठही असतं, त्यामुळे ऐरोली, कळवा, वाशी, बेलापूर इथल्यांना हा त्रास आतल्या भागापेक्षा जास्त.

पहिली गोष्ट, चामड्याच्या म्यानात चाकू ठेवून विसरू नका. माझा कार्बनचा एक ओपिनेल मी नव्या चामडी म्यानात घालून कपाटात ठेवला आणि आषाढातले तीन आठवडे तिकडे पाहिलंच नाही. काढला तेव्हा पात्याच्या एका बाजूला तांबूस ठिपक्यांची रांग होती, नेमकी म्यानाच्या शिवणीच्या रेषेत. पुसल्यावर तांबडं गेलं, पण खाली मोहरीएवढे खड्डे राहिले. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात राहिलेले असतात. ते खड्डे आजही आहेत. ते काढायला पातं घासत बसले असते तर पोलादच संपलं असतं, म्हणून तसेच ठेवले.

दुसरी गोष्ट तेलाची. खोबरेल लावू नका. ते खवट होतं, थंडीत गोठतं आणि सांध्यात चिकट थर धरतं. औषधांच्या दुकानात ‘लिक्विड पॅराफिन आय.पी.’ नावाने बाटली मिळते, ती आणा. हे पोटात घ्यायच्या प्रतीचं खनिज तेल असतं, त्यामुळे त्याच चाकूने पेरू कापायला हरकत नाही. मऊ सुती कापडावर दोन थेंब घ्यायचे आणि पातं पुसायचं. तेल दिसता कामा नये, नुसती झाक हवी. सांध्यात एक थेंब सोडून पातं आठ-दहा वेळा उघडमीट केलं की आतला काळा मळ बाहेर येतो, तो पुसायचा.

तिसरी गोष्ट साठवणीची. घट्ट झाकणाचा डबा आणि निळे सिलिका जेलचे दाणे. दाणे गुलाबी झाले की ओल प्यायले असं समजायचं. स्वयंपाकाच्या भांड्यांना न लावता, जुन्या कढईत मंद आचेवर गरम केले की पुन्हा निळे होतात. प्रत्येक चाकू सुती कापडात स्वतंत्र गुंडाळायचा. पावसात पंधरा दिवसांनी एकदा सगळे बाहेर काढून पाहायचे. मी रविवार ठरवून टाकला आहे.

पातं काळं-निळं पडलंय. हा गंज आहे का?

तांबडं आणि बोटाला पूड लागत असेल तर गंज. राखाडी, निळसर, काळपट असेल आणि पुसलं तरी जात नसेल तर ती पोलादाने धरलेली झिलई आहे, आणि ती हवीच असते. आंबट फळाने कार्बन पोलादावर हा थर लवकर चढतो. थर चढला की त्याखालचं पोलाद तांबड्या गंजाला काहीसं कमी बळी पडतं.

माझ्याकडे ही झिलई कैरीने येते. चैत्रात पन्ह्यासाठी, लोणच्यासाठी कैऱ्या चिरायच्या असतातच. नवं पातं आधी साबणाने धुऊन तेलाचा अंश काढायचा, मग त्यानेच कैऱ्या चिरायच्या. पहिल्या दोन कैऱ्यांना थोडी लोखंडी चव लागते, त्या वेगळ्या ठेवा. दहा मिनिटांत पात्यावर जांभळट ढग उमटतात. मग पाण्याने धुवा, चिमूटभर खायच्या सोड्याने पुसा, पुन्हा धुवा, पूर्ण कोरडं करा, तेलाचा हात द्या. व्हिनेगरमध्ये बुडवूनही रंग येतो, पण तो सपाट दिसतो. कैरीचा रंग प्रत्येक पात्यावर वेगळा उमटतो आणि धारेच्या बाजूने वर चढत जातो, जिथे फोड लागते तिथे.

ओपिनेल पावसात इतका घट्ट झाला की उघडतच नाही. बिघडला का?

नाही, लाकूड फुगलं आहे. बीच ओल पिऊन फुगतं आणि पातं दोन्ही बाजूंनी आवळून धरतं. नखाने खेचू नका, नख उलटतं किंवा पातं एकदम सुटून हात कापतो. आधी कडी मोकळी करा, मग मुठीचं मागचं टोक टेबलाच्या लाकडी कडेवर आपटा. पातं स्वतःच्या वजनाने थोडं बाहेर येतं, तेवढं पकडायला पुरतं. खुद्द साव्हुआचे लोक हेच करतात.

कायमचा उपाय करायचा तर ऑक्टोबरची वाट पाहा. उन्हाने लाकूड सुकलं की १५० नंबरच्या पॉलिश पेपरची घडी करून खाचेच्या आतल्या दोन्ही भिंती हलक्या हाताने घासा. पातं नीट फिरेल एवढंच. मार्चपर्यंत ते किंचित सैल वाटेल, पावसात बरोबर बसेल. मग आत जवसाचं तेल पाजा आणि आठवडाभर उघडं ठेवून वाळू द्या. तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. ती दोरीवर पसरून वाळवा.

धारवाल्याकडे द्यावा का?

सायकलवर सहाण फिरवत येणारे धारवाले आणि शिकलगार यांच्याबद्दल मला आदर आहे. विळी, कात्री, कोयता त्यांच्याकडेच द्यावा. पण घडीचा चाकू देऊ नये.

वडिलांचा चाकू माझ्याकडे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी तो दारावर आलेल्या एका धारवाल्याला दिला. त्याने मनापासून काम केलं, ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत चाकू परत. पात्याचं टोक निळं झालं होतं. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये मी तो निळा रंग लेथवरच्या चिपांवर पाहिला होता, त्यामुळे काय झालं ते तेव्हाच कळलं. कार्बन पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक केल्यावर, ते साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवून चिवट करतात. निळा रंग ३०० अंशांच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, तिथे धार टिकत नाही. टोकाचा साधारण अर्धा सेंटिमीटर आजही दोन आंब्यांत बोथट होतो. तो भाग घासून काढायला मी तयार नाही, ते टोक त्यांच्या हातातलं आहे.

म्हणून दगडावर शिका. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा, एकीकडे जाड आणि दुसरीकडे बारीक कणांचा निसणा मिळतो, सुरुवातीला तो पुरतो. दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही. कोन साधारण १५ ते २० अंश. कोनमापक नको, पात्याची रुंदी मोजा. १६ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून ५ मिलिमीटर उचलली की १८ अंशांच्या जवळपास येतो. ५ मिलिमीटर म्हणजे किती ते एकदा पट्टीवर पाहून ठेवा, नंतर हाताला सवय होते.

एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक कड जाणवेपर्यंत. वडील त्या कडेला ‘बर’ म्हणायचे, वर्कशॉपमध्ये सगळेच म्हणतात. बोट धारेच्या आडवं, पाठीकडून बाहेर न्यायचं, धारेवरून लांबीने कधीच नाही. टोकापासून मुळापर्यंत बर आला की बाजू बदला. मग बारीक बाजूवर तेच, दाब कमी कमी करत. शेवटी जुना चामडी पट्टा लाकडी पट्टीवर चिकटवून, त्यावर पॉलिशचं रूज घासून, पातं उलट्या दिशेने आठ-दहा वेळा ओढा. पिकलेल्या टोमॅटोची साल नुसत्या वजनाने कापली गेली म्हणजे झालं.

नवशिके दाब फार देतात. आपला हात कितीही जड असो, दगडावर पातं टेकवून त्याचं वजन तेवढं द्यायचं.

मूठ बदलायची तर सुरुवात कुठून?

मूठ काढून नवी बसवण्यापासून तर अजिबात नको. पहिलं काम असं निवडा की चुकलं तरी चाकू चालत राहील. ओपिनेलची मूठ आहे तिथेच ठेवून तिला आकार आणि रंग देणं हे तसं काम आहे.

पात्याला आधी कागद, वरून चिकटपट्टी गुंडाळा. मग कानशीने आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने वरचं वार्निश काढा. आता चाकू हातात धरून दहा मिनिटं बसा. चार बोटं कुठे पडतात, अंगठा कुठे टेकतो, तळहाताला काय टोचतं. पेन्सिलीने खुणा करा आणि तेवढंच घासा. बहुतेक जण मागचं टोक फार बारीक करून बसतात आणि मग हात सरकतो. २४०, ४०० असं चढत जा. मधे एकदा ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, लाकडाचे तंतू उभे राहतील, ते पुन्हा घासा.

रंगासाठी मी हिरडा वापरते. पूर्वी काळी शाई करताना हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) वापरत असत. लाकडावरही तीच गोष्ट चालते. जांभळी नाक्याच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात हिरडा सुट्टा मिळतो. मूठभर कुटून दोन पेले पाण्यात अर्धं होईपर्यंत उकळा. गाळून गार करा आणि ब्रशने मुठीवर दोन-तीन हात द्या, प्रत्येक वेळी वाळू देत. दुसरीकडे बरणीत पांढरं व्हिनेगर घेऊन त्यात बारीक स्टीलवूलचा तुकडा टाका. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. चार-पाच दिवसांत स्टीलवूल बरंचसं विरघळतं. ते पाणी गाळून, हिरडा प्यायलेल्या लाकडावर ब्रशने लावा.

हा क्षण मला दरवेळी थांबायला लावतो. ओलं पिवळट लाकूड पाहता पाहता राखाडी होतं, मग निळसर, मग काजळासारखं काळं. रंग वरून बसलेला नसतो, लाकडातच झालेला असतो, त्यामुळे रेषा झाकल्या जात नाहीत. बीचमध्ये स्वतःचा तुरटपणा फार थोडा, म्हणून हिरडा आधी पाजावा लागतो. तो नसेल तर कडक कोरा चहा, रंग जरा फिका येतो. खाचेत आणि सांध्यात लोखंडाचं पाणी जाऊ देऊ नका, गंज तिथूनच सुरू होतो. दोन दिवस वाळवून वर जवसाच्या तेलाचे पातळ हात. हे सगळं दिवाळी ते मे या काळात करा. पावसात कच्चं जवस वाळत नाही आणि वर बुरशी धरते.

कोणतं लाकूड, कोणतं शिंग चालतं?

जुन्या मोडक्या फर्निचरचा शिसव मिळाला तर सोनं समजा. घट्ट, जड, पॉलिश धरणारा. चिंचेचा गाभा सुंदर निघतो, बाभूळही टिकाऊ. सागवान तेलकट असल्यामुळे चिकटवताना त्रास देतो, आधी अॅसिटोनने पुसा. शिसवाच्या धुळीने काहींना पुरळ येतं, श्वासाचा त्रास होतो. तोंडावर चांगला मास्क बांधा आणि बाल्कनीत काम करा.

शिंगाबाबत स्पष्ट सांगते. सांबराचं किंवा चितळाचं शिंग घेऊ नका, गळून पडलेलंसुद्धा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली ते अडचणीत आणतं. हस्तिदंताचं तर नावही नको. ‘आजोबांच्या काळातलं आहे’ असं विकणारा सांगेल, पण कागद मागितला की गप्प होईल. म्हशीचं शिंग चालतं आणि दिसतंही देखणं, फक्त आपल्या हवेत ते थोडं वाकतं. म्हणून कापलेल्या पट्ट्या बसवण्याआधी दोन-तीन महिने घरात नुसत्या ठेवून द्या.

व्हिक्टोरिनॉक्सची मूठ बदलता येते का?

लाल प्लास्टिकच्या मुठीच्या ९१ मिलिमीटरच्या चाकूंवर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या रिबिटांच्या टोकांवर दाबून बसवलेल्या असतात. त्या जपून उचकटून लाकडी बसवता येतात. आधी हमीच्या अटी वाचा. खरबरीत अॅल्युमिनियमच्या मुठीला हात लावू नका, ती रिबिटांनी पक्की केलेली असते.

तो चाकू उघडून आतलं काम मात्र जरूर पाहा. कार्ल एल्सेनरने १८९७ मध्ये अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली, त्यातलं डोकं असं की एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची पाती चालतात. त्यामुळे जाडी न वाढवता हत्यारं वाढली.

जुन्या बाजारात मिळालेला चाकू कोणता, कधीचा, हे कसं ओळखायचं?

पात्याच्या मुळाशी, मुठीला लागून असलेल्या चौकोनी भागावर ठसा असतो. भिंगातून तो वाचा. जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या घराण्याचा ठसा म्हणजे तारा आणि माल्टीज क्रूस. अमेरिकन केसने १९७० पासून ठशाखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दरवर्षी एक कमी केला. त्या दशकातल्या ठशावर सात ठिपके मोजले की १९७३. त्यांचे आकडेही बोलतात. ६३१८ मधला पहिला ६ म्हणजे हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती, १८ म्हणजे आकाराचा नमुना.

मुंबईच्या चोरबाजारात सकाळी लवकर जा आणि घाई करू नका. पातं उघडून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून पाहा. पातं मिटताना स्प्रिंगला धार आपटते का ते पाहा. एका पात्याचा रंग दुसऱ्याहून वेगळा असेल तर ते नंतर बदललेलं असू शकतं.

आणि घरी आणल्यावर पितळ पावडरीने, बफवर चकचकीत करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ठसा अर्धा पुसट असतो, बफ तो पूर्ण खातं. तांबडा गंज तेलात भिजवून, पितळी पट्टीच्या कडेने खरवडून काढा. उरलेलं वय तसंच राहू द्या. मूठ मोडकी असली तरी मूळ तुकडे जपून ठेवा, नवी बसवली तरी जुने फेकू नका.

आपल्याकडची घडीची हत्यारं गोळा करता येतील का?

अडकित्ते! लोक परदेशी चाकूंसाठी धडपडतात आणि आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता भंगारात देतात. एक रिबिट, दोन बाहू, वरच्या बाहूला पोलादी पातं. घडीच्या चाकूचा सख्खा भाऊ. पितळी पोपट, मोर, घोडे, जोडपी, किती तऱ्हा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे, एकदा त्यासाठीच जा. नौपाडा, चरई इथल्या जुन्या घरांत विचारून पाहा. मला दोन तसेच मिळाले, दोन्ही वेळा काकूंनी आधी सुपारी कातरून दाखवली आणि मगच दिले.

मुलांना कितव्या वर्षी द्यावा?

वय सांगता येत नाही. बसून कापणं, धार स्वतःपासून लांब ठेवणं आणि देताना मिटून देणं, या तीन सवयी दिसल्या की. गोल टोकाचे चाकू ओपिनेल आणि व्हिक्टोरिनॉक्स दोघांचेही मिळतात. सुरुवातीला केळं आणि काकडी.

चाकू भेट दिला तर नातं तुटतं म्हणतात. मग?

घेणाऱ्याने एक रुपया हातावर ठेवायचा, म्हणजे ती खरेदी झाली. माझ्याकडे असे अकरा रुपये एका डबीत आहेत, कुणाचे कुठले ते चिठ्ठीसह.

खंडेनवमीला पूजा करायची असते, पण हळदकुंकवाने डाग पडतात. काय करावं?

डाग हळदकुंकवातल्या पाण्याचे असतात आणि झेंडूच्या ओल्या देठाचे. रात्रभर फूल पात्यावर राहिलं की सकाळी देठाच्या आकाराचा तांबडा ठसा मिळतो. आदल्या दिवशी पात्यांना नेहमीपेक्षा जरा जास्त तेल लावा. चाकू मिटलेलेच मांडा, पाटावर कोरडं कापड घालून. हळदकुंकू कोरडं, बोटाने, मुठीच्या पितळेवर लावा, पात्यावर आणि सांध्यात नको. झेंडूच्या पाकळ्या सुट्ट्या करून भोवती ठेवा. दसऱ्याला सोनं वाटून घरी आलात की त्याच संध्याकाळी एकेक चाकू उघडून पुसून ठेवा. आमच्याकडे वडिलांचा चाकू सगळ्यात शेवटी पुसतात, कारण नंतर त्यानेच सफरचंद कापायचं असतं.